एक डोळा अंधारासाठी

४ मार्च

बोंबल्या,

आशीर्वाद. ते देऊन झाले, आता ऐक.

तुझं पत्र आलं. पाकीट फोडायच्या आधीच कळलं की तुझं आहे. जहाजावर हाताचं ग्रीस काढायला तुम्ही ती पिवळी पेस्ट लावता ना, तिचा वास पाकिटाला, कागदाला, तिकिटालासुद्धा. संत्र्याची साल रॉकेलमध्ये बुडवल्यासारखा. पोस्टमन पाकीट दोन बोटांत लांब धरून देतो. परवा म्हणाला, "बाई, तुमचा भाऊ करतो तरी काय?" मी म्हटलं, समुद्रात दोर सोडतो आणि परत ओढतो. लहानपणी विहिरीवर हेच करायचा तर आईच्या शिव्या खायचा, आता त्याचाच पगार खातो.

तर मोठ्या सफरीचं. दोन वर्षांसाठी तुला नेतायत, अशा ठिकाणी जिथे अजून कुणी दोर टाकलेला नाही, आणि तू सही करत नाहीस. का, तर "ताई एकटी आहे". मी एकटी आहे हे मला सांगायला तुला एवढ्या लांबून पत्र टाकावं लागलं? मला घरबसल्या माहीत होतं की. तुझे दाजी माणूस चांगले होते, नाही म्हणत नाही. पण लग्न झाल्यापासून जाईपर्यंत त्यांनी ओला टॉवेल माझ्या बाजूच्या गादीवर टाकला. आता माझी गादी कोरडी आहे. हे सुख तुला नाही कळायचं.

आणि तू पाठवलेली ती तीन स्थळं! पहिल्याने बसल्याबसल्या माझे दात मोजले. दुसरा त्याच्या मेलेल्या बायकोचं कौतुक करता करता माझ्याच पदराला डोळे पुसायला लागला. तिसऱ्याला मीच विसरले, यावरून समज. आता चौथं पाठवलंस तर दारातूनच वाटेला लावीन. तू मुकाट्याने सही कर.

इकडे नवीन काही नाही. थेटरात तेच. धाकटे मालक गेले कित्येक आठवडे दुपारच्या खेळाला घोड्याचा एक रडका सिनेमा चालवतायत, कारण तो स्वस्तात मिळालाय. हॉलमध्ये टाळकी कमी, खुर्च्या जास्त. मी आपली बॅटरी घेऊन दारात. हल्ली एक नवीन गिऱ्हाईक येतं, शेवटून दुसरी रांग, कडेची खुर्ची. बोलत नाही, खात नाही, झोपतही नाही. असला सिनेमा जागेपणी बघणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला.

तुमचे ते खालचे मासे काळोखात कसं काय चालवतात रे? माझी हयात अंधारात गेली, म्हणून विचारते. त्यांना कोण बॅटरी दाखवतं?

ताई


२१ मार्च

ताई,

नमस्कार. तुझ्या शिव्या पोचल्या. बंदराला लागल्या लागल्या सगळ्यात आधी तुझंच पत्र हातात आलं.

तू विचारलंस म्हणून आमच्या शास्त्रज्ञ बाईंना विचारलं. तुझा प्रश्न वाचून दाखवला तर खूश झाल्या. तिथे खाली सूर्य पोचतच नाही. मी विंचवरून, म्हणजे दोर गुंडाळायच्या यंत्रावरून, दोर सोडत बसतो, दोराच्या टोकाला कॅमेरा, आणि आम्ही सगळे पडद्याकडे डोळे लावून. तुझ्या थेटरापेक्षा आमच्याकडे गर्दी जास्त असते बघ.

एक मासा दिसला, तो तीन काड्यांवर उभा राहतो. तिपाईच. चिखलात पाय रोवून, तोंड प्रवाहाकडे करून, पुढचे पर हातासारखे पसरून उभा. डोळे जवळजवळ निकामी. एखादा किडा पाण्यातून वाहत आला की त्या परांना त्याचा धक्का लागतो, आणि झालं, किडा तोंडात. बाकीच्या माशांनाही अंगाच्या दोन्ही बाजूंनी एक ओळ असते. शेजारून कुणी गेलं की पाणी हलतं, ते त्या ओळीला कळतं. बाई म्हणाल्या, लांबून लावलेला हात म्हण हवं तर. आणि कितीतरी जनावरं लालभडक! वर आणली की डोळ्यात भरतात, पण खाली लाल उजेडच पोचत नाही, म्हणून तिथे ती काळोखात काळी.

इथे बाकी ठीक. मिस्त्री रिटायर झाल्यापासून इंजिनखोलीतलं गाणं बंद झालंय. कोणी बेसूर गात नाही म्हणून करमत नाही, असं पहिल्यांदाच झालं.

ते नवीन गिऱ्हाईक कोण ग? सहज विचारतो. अंगापिंडाने कसा आहे? बूट पुसलेले असतात का? जो माणूस गप्प बसून सिनेमा बघतो तो सज्जनच असणार, असं मला वाटतं. तू उगाच खेकसू नकोस त्याच्यावर.

सहीचं बघू. जूनच्या सुरुवातीपर्यंत मुदत आहे.

तुझा,
बोंबल्या (वय झालं माझं, हे नाव आता बदल ना)


२ एप्रिल

बोंबल्या,

नाव बदलणार नाही. तू अजून बोंबलतोसच.

तुझा तिपाई मासा मला फार आवडला. मीच की ती! खेळ सुरू झाला की मी मागच्या भिंतीला टेकते, आणि कोण काय करतंय ते मला न बघता कळतं. डावीकडचं दार उघडलं की मानेला गार लागतं, उजवीकडचं उघडलं की पायाला. कारण उजव्या दाराखाली फट आहे आणि धाकटे मालक ती बुजवत नाहीत. आमच्या खुर्च्यांच्या स्प्रिंगा मोडक्या, पण प्रत्येकीची मोड वेगळी. तिसऱ्या रांगेतली मधली कण्हते, तिच्या शेजारची शिंकते. एखादी कण्हली आणि लगोलग शिंकली, म्हणजे दोन पाखरं जवळ सरकली. मग मी जाऊन मध्ये बॅटरी मारते. पोरं म्हणतात मावशीला पाठीवर डोळे आहेत. डोळे कसले, पाठच आहे.

तुझ्या सज्जनाचं विचारतोस. बूट पुसलेले असतात. एवढे, की बॅटरी मारली तर मलाच परत उजेड येतो. अंगाने आडवा, मिशी नुकतीच काढलेली असावी, कारण ओठावरची कातडी बाकी तोंडापेक्षा गोरी आहे. आणि त्याच्या खुर्चीजवळून गेलं की कसला तरी वास येतो. ओळखीचा वाटतो मेला, पण आठवत नाही. वय झालं. डोळे गेलेत, आता नाकही चाललं बहुतेक. तुला काय वाटतं, कसला असेल?

बाकी घोड्याला वैद्याकडे नेतात तिथे सगळे रडतात, हा नाही रडत. तेव्हा दाराकडे बघत असतो. दारात तर मीच उभी असते.

असो. तुला कशाला सांगते, तू त्याला थोडाच ओळखतोस.

ताई


१९ एप्रिल

ताई,

वासाचं तू काय मनावर घेतेस? थेटरात सतरा वास. फिनेलचा असेल, गालिच्याचा असेल, मक्याच्या लाह्यांचा असेल. नाक जुनं झालं की एका वासाचे दोन वाटतात, असं आमचे डॉक्टर म्हणतात. (म्हणजे मी विचारलं नाही, पण म्हणतील.) वास सोडून दे. विषय बदलू.

एका माशाच्या डोळ्याखाली लाल दिवा असतो. खाली बहुतेकांना लाल दिसतच नाही. त्यामुळे हा गडी आपला दिवा लावून आरामात फिरतो, समोरच्याला पत्ताच नाही की आपल्यावर उजेड पडलाय. आणि एक जेलीफिश आहे. तिला कुणी धरलं की अंगावरचे निळे दिवे गोल गोल फिरवते. बाईंचं म्हणणं, ती दिवे लावून बोंब मारते, की कुणीतरी मोठं या, आणि मला धरणाऱ्याला धरा.

आता एक बोलतो, चिडू नकोस. गेल्या थंडीत तू लिहिलंस "जरा सर्दी झाली होती". तुझ्या शेजारणीचं पत्र मला मागाहून मिळालं. तुझं दार दोन दिवस बंद होतं. तिने वाजवलं, तू उघडलं नाहीस. शेवटी तिच्या नवऱ्याने कडी काढली. तू जमिनीवर होतीस, तापाने फणफणलेली. ताई, मी इथे मैलभर खोल पाण्यात कॅमेरा सोडून कुठला किडा हलला ते बघतो, आणि माझी बहीण घरात पडली ते मला महिन्याने कळतं. म्हणून सही होत नाही माझ्याकडून. पेन उचलतो, ठेवतो.

एवढंच. तुझ्याकडे कुणी असावं. बायको म्हणून राहा, असं नाही म्हणत मी. दार वाजवणारं कुणी असावं.

बोंबल्या


१ मे

बोंबल्या,

शेजारणीचे मी आभार मानले होते, आता परत घेते. पोटात काही राहत नाही बाईच्या.

हो, पडले होते. डोळ्यांपुढे अंधारी आली, तर हाताने भिंत चाचपत पाण्याच्या पिंपापर्यंत गेले, आणि तिथेच बसले. बसले म्हणजे पडले. तुला लिहून काय केलं असतंस? बोट वळवून आणली असतीस? म्हणून सर्दी लिहिली. तुझ्यासाठी लिहिली ती, माझ्यासाठी नाही. आता पुन्हा हा विषय काढू नको. काढायचा असेल तर समोर येऊन काढ, मग बघते.

आता गंमत ऐक. तुझ्या लाल दिव्याच्या माशावरून मी बॅटरीच्या काचेला लाल जिलेटिनचा कागद चिकटवला. म्हटलं पुढच्या खुर्चीवर पाय टाकून बसणाऱ्या त्या दोन कार्ट्यांना गुपचूप गाठते. दबक्या पावलाने गेले. तर लांबूनच एक ओरडला, "पळा रे, सिग्नल लागला!" सगळं थेटर हसलं, घोडा मरायला टेकलेला असताना. माणसाला लाल दिसतं, हे तुझ्या बाईंनी नाही का सांगितलं? मासे बरे म्हणायचे.

दुसरी गंमत. ते गिऱ्हाईक. तुझं पत्र यायच्या चार दिवस आधी तो आला तो गुलाबाच्या अत्तरात बुडून. बुडून म्हणजे किती, तर त्याच्या पुढच्या रांगेतलं जोडपं उठून दुसरीकडे बसलं आणि मागे एका म्हाताऱ्याला शिंकांची उबळ आली. आधीचा वास पार गायब. मी इकडे तुला वासाचं लिहिते काय, आणि तिकडे त्याला अत्तर सुचतं काय! योगायोग बघ कसे असतात. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, इथे तर चोराच्या मनात गुलाब.

तुझ्या सगळ्या माशांत लग्न कसं जमतं, ते नाही सांगितलंस. काळोखात नवरा-नवरी एकमेकांना सापडतात तरी कसे? विचार त्या बाईंना. मला बाई उत्सुकता लागलीय.

ताई


१४ मे

ताई,

तू विचारलंस म्हणून सांगतो, नाहीतर मी आपणहून सांगितलं नसतं.

एक मासा आहे, त्याची मादी मोठी, डोक्यावर गळासारखी काठी आणि काठीच्या टोकाला दिवा. ती जागेवरच असते. दिवा बघून येईल तो पोटात. नर मात्र अंगठ्याएवढा. तो वासावर शोधत येतो. एवढ्या मोठ्या काळोख्या समुद्रात नुसत्या वासावर! सापडली की तिला चावतो आणि चिकटतो. काही जातींत तर दोघांची कातडी एक होते, रक्त एक होतं, मग त्याचे डोळे जातात, तो तिच्यावरच जगतो. बाई म्हणाल्या, कायमचा संसार. मला सांगताना त्या हसत होत्या, मला मात्र दाजींचा टॉवेल आठवला.

पण सगळे नर तसे नसतात, ताई. काही बिचारे नुसते जवळ येऊन बसतात. त्यांना बोलता येत नाही, म्हणून ते लबाड ठरत नाहीत. तू समजूतदार आहेस. आणि खरं सांगू, तू दारात त्याला बघून डोळा मारतेस हे कळलं तेव्हा मला बरंच वाटलं. आधी धक्का बसला, मग बरं वाटलं. या वयात एवढा मोकळेपणा सगळ्यांना जमत नाही. पण डोळा मारण्यापेक्षा दोन शब्द बोललीस तर जास्त बरं.

आम्ही दोन तारखेला बंदरात आहोत. सहीचा कागद तिथेच आहे.

बोंबल्या


२३ मे

बोंबल्या,

सापडलास.

माझी सगळी पत्रं काढ. वाच. डोळ्याबद्दल मी एक अक्षर तरी लिहिलंय का? गिऱ्हाईक लिहिलं, बूट लिहिले, मिशी लिहिली, वास लिहिला. डोळा नाही. मग तुला मैलभर खोल पाण्यावर बसून कसं कळलं मी डोळा मारते ते? तिपाईला धक्का लागला होय?

ताकाला जाऊन भांडं लपवणारा तू. आणि मी काय, दूधखुळी? अरे, तो दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसला तेव्हाच मला वास कळला होता. संत्र्याची साल आणि रॉकेल. तुझ्या पाकिटाचा वास माझ्या थेटरात कसा, म्हणून मी त्या रांगेतून चार वेळा उगाचच गेले. तू आधी लिहायचास ना, आमचा मिस्त्री असा, मिस्त्री तसा, मिस्त्रीला मोठी मिशी, मिस्त्री एकटा. तो रिटायर झाला आणि इकडे एक मिशी काढलेला माणूस येऊन बसला. एवढा हिशोब मला येतो, शाळा चौथीत सुटली तरी. मला फक्त तुला नाचवायचं होतं. "वास ओळखीचा वाटतो, आठवत नाही" लिहिलं, आणि तुम्ही दोघांनी मिळून थेटर गुलाबात बुडवलं. दिवा मी लावला होता, बाळा, आणि चावलास तू.

आता डोळ्याचं. बाहेर लॉबीत मोठमोठे दिवे. तिथून एकदम हॉलमध्ये शिरलं की काही दिसत नाही, गिऱ्हाईक अंगावर आदळतं. म्हणून दारात तिकीट फाडताना मी एक डोळा मिटून ठेवते. आत शिरले की तोच उघडते. तो अंधाराला तयार असतो. पहिल्या दिवसापासून असंच करते, आमच्या आधीच्या बॅटरीवाल्या मामांनी शिकवलं. आजवर हजारो लोकांपुढे मिटला असेल, पण डोळा मारला असं समजणारा तुझा मिस्त्री पहिला!

तुझं पत्र मिळालं त्याच दुपारी मी त्याला गाठलं. हॉलमध्ये मोजून मूठभर माणसं. मी त्याच्या मागच्या खुर्चीत जाऊन बसले. गुलाब होताच. हळूच कानाशी म्हटलं,

"काय हो, शेवटी घोडा मरतो की जगतो?"

तो दचकला. "कुठला घोडा?"

"पडद्यावर दोन महिने धावतोय तो."

पडद्याकडे बघून म्हणतो, "मरत असेल."

"जगतो. शर्यतही जिंकतो. पोस्टरवरच छापलंय."

मग मी तुझ्या त्या जेलीफिशसारखं केलं. बॅटरी सरळ त्याच्या तोंडावर मारली. सगळं थेटर वळून बघायला लागलं. पुढून कोण तरी म्हणालं, "मावशी, काय झालं, पकडलात का?" मी म्हटलं, "पकडला. तुम्ही घोडा बघा."

बाहेर आणून बाकावर बसवला. आडवा माणूस, पण असा आक्रसून बसला की अंगठ्याएवढा झाला. म्हणाला, तुमच्या भावाने सांगितलं, नुसता बघून ये, घर बरं आहे का, तब्येत बरी आहे का, आणि जमलं तर बोल. जमलं नाही. एकदा बघून जायचं ठरलं होतं, मग परत आलो. मग परत. मी म्हटलं, "आणि ती पेस्ट? बोंबल्याने सांगितलं होतं ना, जहाजाची एकही खूण ठेवू नको?" तर म्हणतो, "मिशी काढली, टोपी टाकली, सगळं केलं. पण तुमच्यापुढे काळे हात घेऊन कसं यायचं? म्हणून निघताना दोनदा घासून धुवायचो." दोनदा! त्याच पेस्टने!

मला हसू आलं. त्याला वाटलं मी रागावले, तर तो उठून चालायला लागला, आणि पुसलेला बूट पायरीत अडकून धडपडला. अंधारात दोन महिने सरळ बसला, उजेडात पडला.

आता कामाचं ऐक. लग्नबिग्न काही नाही. मी त्याला सांगून टाकलं, मी कुणाला चिकटत नाही आणि चिकटू देत नाही. यायचं असेल तर डोळे शाबूत ठेवून यायचं, आपल्या पायाने, आणि रात्रीचं जेवून आपल्या घरी जायचं. टॉवेल स्वतःचा आणायचा. रोज सकाळी कामावर जाताना मी त्याच्या खिडकीवर बॅटरी आपटते, तो खोकतो. म्हणजे तो जिवंत. एखाद्या सकाळी मी आपटली नाही तर त्याने येऊन माझं दार वाजवायचं. असं ठरलंय. शेजारणीपेक्षा बरा, त्याच्या पोटात गोष्ट राहते. तुझ्याशिवाय कुणाला लिहीत नाही.

तेव्हा कागद काढ आणि सही कर. पेन उचल. ठेवू नको.

ताई


२ जून

ताई,

पाया पडतो, नाक घासतो, कान धरतो, सगळं एकदम.

तुझं पत्र मी शास्त्रज्ञ बाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, तुमच्या बहिणीला आमच्या जहाजावर पाठवा, आणि तुम्ही जा बॅटरी घेऊन.

सही केली. पेन उचललं, ते या वेळी ठेवलं नाही. दोन वर्षं, ताई.

मिस्त्रीचंही पत्र आलंय. लिहितो, थेटरातल्या सगळ्या मोडक्या खुर्च्या तो दुरुस्त करून देणार आहे, फुकट. धाकट्या मालकांना आनंद झालाय. पण एका बाबतीत तो अडून बसलाय. म्हणतो, "तुझी बहीण म्हणते तो डोळा अंधारासाठी होता. असेल. पण एकदा तरी तो माझ्यासाठी होता, मी शपथेवर सांगतो." मी त्याला काय कळवू?

बोंबल्या


१० जून

बोंबल्या,

सही केलीस, चांगलं केलंस. आता थंडीचे कपडे घेऊन जा, तिकडे कुणी दार वाजवणार नाही.

तुझ्या मिस्त्रीने घोळ करून ठेवलाय. रविवारी थेटर दुरुस्तीसाठी बंद होतं, त्याने सकाळपासून बसून एकूण एक स्प्रिंग नीट बसवली. आता एकही खुर्ची कण्हत नाही, एकही शिंकत नाही. सोमवारी मी भिंतीला टेकून उभी, आणि मला काही कळेचना! कोण कुठे सरकलं, कुणी कुणाचा हात धरला, सगळा अंधार. पहिल्यांदा आंधळी झाले. दुसऱ्या दिवशी त्याला बोलावून म्हटलं, या रांगेतली ही आणि ही परत ढिली करा. तर म्हणतो, "कशी कण्हायला हवी, तुम्ही सांगा, तशी करतो." तासभर मी खुर्चीत उठबस करत होते आणि तो खाली झोपून पान्हा फिरवत होता. "अशी?" "नाही, अजून थोडी रडकी." धाकट्या मालकांना वाटलं दोघांचं डोकं फिरलं.

पेस्ट बदलू नका म्हणून सांगितलंय त्याला. गुलाबाने माझं डोकं उठतं.

आता डोळ्याचं. त्याला कळव, हुरळून जाऊ नको. लॉबीतून हॉलमध्ये जाताना मिटलेले सगळे अंधारासाठी होते, एकूण एक.

फक्त तो रविवारचा. खुर्च्या झाल्यावर तो हात धुऊन निघाला, दारात थांबला, आणि मी... ते असो. रविवारी थेटर बंद होतं, आणि कामासाठी हॉलचे सगळे दिवे लावलेले होते.

ताई